कलम चौदाची चाचणी

देवावर विश्वास ठेवावा, लिफ्टवर ठेवू नये, असं तपासनीस नेहमी म्हणत. नुसतं म्हणत नसत, बावीस वर्षं त्यांनी तेच केलं! लिफ्ट नवी असो की जुनी, आधी तिचा ब्रेक लावून बघायचा आणि तो लागला तरच आत पाय ठेवायचा. "चालतं कसं ते कुणीही सांगेल हो! थांबतं कसं ते बघावं!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

त्यांची कंपनी बंद पडली आणि हे ब्रह्मवाक्य घेऊन ते चार महिने घरी बसले. बसले असं आपलं म्हणायचं! पहिल्या आठवड्यात त्यांनी कुकरची शिटी तपासली, दुसऱ्यात दारांच्या कड्या, तिसऱ्यात स्टुलावर उड्या मारून त्याचे पाय. तीन पास झाले. चौथा नापास झाला, तो स्टुलासकट आणि तपासनिसांच्या कमरेसकट! बायकोने झाडू हातात घेतला की हे मागे उभे. "अगं, जरा तिरका धर, दांड्यावर ताण येतोय!"

ती माउली रोज संध्याकाळी दिवा लावून हात जोडी आणि एकच मागणं मागे, "देवा, ह्यांना काम दे. पगार कमी दिलास तरी चालेल, पण तास भरपूर दे!"

आणि देवाने ऐकलं की हो! एका मोठ्या इस्पितळाला अकरा लिफ्टा तपासायला माणूस हवा होता. माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीने तपासनिसांचं नाव सुचवलं. नोकरी नव्हे, फ्रीलान्स. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं, त्याआधी करारावर सही. शुक्रवारी सकाळी करार मेलने आला. सोळा पानांचा!

"सही करा आणि पाठवून द्या," बायको म्हणाली. तिने डबासुद्धा घासून ठेवला होता.

"अशी कशी करीन? मला कुणी गंडवू शकत नाही!" तपासनिसांनी चष्मा पुसला. "तू जा, अंघोळ करून ये. तोवर करार उभा-आडवा तपासून ठेवतो."

तेरा कलमं सुरळीत गेली. चौदाव्यावर त्यांची तर्जनी थांबली. मसुदा हाती पडल्यापासून कुठल्याही पक्षाला एका ओळीच्या मेलने बाहेर पडता येईल, आणि ते तत्काळ लागू होईल.

तपासनीस खुर्चीत ताठ झाले. हा तर ब्रेक! कराराचा ब्रेक! आणि तो न लावून बघताच आत पाय ठेवायचा? बावीस वर्षांची तपश्चर्या मातीत घालायची? त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं, "मी या करारातून बाहेर पडत आहे." आणि पाठवलं!

चाळीस सेकंदांत उत्तर. "आपली सूचना मिळाली. आपलं नाव यादीतून काढलं आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा!"

"वा!" तपासनिसांनी मांडीवर थाप मारली. "चाळीस सेकंद! याला म्हणतात ब्रेक!"

बायको केस पुसत बाहेर आली. "काय झालं?"

"पास! एकदम पास!"

तिने उत्तर वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच खाली बसली. "अहो, लोक नोकरी लागल्यावर सोडतात. तुम्ही लागायच्या आधीच सोडलीत?"

तेव्हा कुठे तपासनिसांच्या डोक्यात उजेड पडला! लिफ्टचा ब्रेक लावला तर सोडताही येतो. याला सोडायचा खटका कुठाय? सोळा पानं पुन्हा चाळली. कुठेच नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

एजन्सीचा नंबर चिटोऱ्यावर उतरवून त्यांनी फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"काका, तुम्ही का सोडताय?"

"मी सोडत नाहीये गं!"

"मग तसं लिहिलंत कशाला?"

"ते चालतं का बघायला."

"चाललं ना?"

"चाललं."

"मग तक्रार काय आहे, काका?"

मुलगी म्हणाली, "एक फॉर्म पाठवते, तो तेवढा भरा." तपासनिसांना वाटलं, परत यायचा फॉर्म! घाईघाईने उघडला. प्रश्न पहिला, आमच्यासोबत काम करण्याचा अनुभव कसा होता? हा प्रामाणिक गृहस्थ! त्याने लिहिलं, "अनुभव नाही." शेवटी बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली, "धन्यवाद. आपली फाइल कायमची बंद झाली आहे."

"आणखी काही बंद करायचंय का?" बायकोने विचारलं. "गॅस चालू आहे बघा अजून!"

अकरा वाजता मोबाइल वाजला. एजन्सीचा मेसेज! "तातडीने हवेत! इस्पितळासाठी अनुभवी लिफ्ट तपासनीस. जागा एक. कालपर्यंतचा उमेदवार अचानक सोडून गेला."

"अगं, ही तर माझीच जागा!"

"मग करा अर्ज तुमच्याच जागेला!"

केला. चाळीस सेकंदांत उत्तर. "आमचं काम अचानक सोडणाऱ्यांना सहा महिने अर्ज करता येत नाही." आगीतून फुफाट्यात! सहा महिने! बायकोने एकदा घराच्या चारी भिंतींकडे पाहिलं, एकदा तीन पायांच्या स्टुलाकडे, आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

ते पाणी पाहून तपासनिसांच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी चपला घातल्या आणि थेट एजन्सी गाठली. ऑफिस सातव्या मजल्यावर. खाली लिफ्ट उभी. पण आत तपासणीचा दाखला कुठाय?

"चढा की साहेब," पहारेकरी म्हणाला. "रोज दोनशे माणसं जातात!"

"उतरतात किती ते मोजलंत का?" तपासनीस म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

सात मजले! पहिल्या मजल्यावर भाषण तयार झालं, तिसऱ्यावर त्यात विनवणी आली, पाचव्यावर दम गेला आणि सातव्यावर भाषणही. करार बघणाऱ्या बाईंच्या टेबलासमोर ते लोहाराच्या भात्यासारखे फुसफुसत उभे राहिले.

"बाई... ब्रेक... मी फक्त..."

"बसा, बसा. पाणी घ्या आधी," बाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हसू लपलं होतं. "फाइल उघडली आहे तुमची. इथे सही करा. सोमवारी आठला."

तपासनिसांचा कानांवर विश्वास बसेना. "म्हणजे... मी आत?"

"आत! आधी वाचायचंय का पुन्हा?"

"नको नको!" तपासनिसांनी पेन जवळजवळ हिसकावलंच. "विश्वास आहे माझा!" आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी न तपासता सही ठोकली! छातीवरची शिळा उतरली. जिना उतरताना त्यांनी कठडासुद्धा हलवून पाहिला नाही.

घरी बायको दिव्यापाशी हात जोडून उभी होती.

"झाली सही!" तपासनीस गरजले. "मी एक शब्द बोललो मात्र, बाई वरमल्याच! अनुभवी माणसाचं वजनच वेगळं पडतं!"

"हो का?" बायको म्हणाली. "बरं झालं बाई!" आणि तिने इतका मोठा सुटकेचा श्वास सोडला की दिव्याची वात हलली.

चहा पिता पिता तपासनिसांनी आपली प्रत कौतुकाने चाळायला घेतली. सोळाव्या पानावर, सहीच्या जरा वर, पेनाने लिहिलेलं एक नवं कलम होतं. घरच्यांच्या फोनवरील विनंतीनुसार, तपासनिसांना संध्याकाळी सहाच्या आत घरी सोडू नये. काम संपलं असल्यास पुन्हा पहिल्या लिफ्टपासून तपासायला लावावं.

चिटोरा अजून टेबलावरच होता. शेजारी बायकोचा मोबाइल.

"हे... हे काय आहे?"

"काही नाही हो," बायको कप उचलत म्हणाली. "तुम्ही जिने चढत होतात ना, तेवढ्यात विचारून बघितलं. म्हटलं, असं कलम चालतं का?"

"मग?"

"चाललं!"