कांजिण्यांचं सुट्टीतलं नियोजन

आमच्या इमारतीत माणुसकीला फार महत्त्व आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो. मी इमारतीच्या समितीचा चिटणीस आहे, तेव्हा हे मी अधिकाराने सांगू शकतो. पुढचा मजकूर वाचून काही जणांचा गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तर, शाळांना सुट्टी लागली त्याच सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या भिंगरीच्या पोटावर पुरळ उठलं. भिंगरी आठ वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव पडलं, खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. सुट्टी जेमतेम तीन आठवड्यांची, आणि त्यासाठी तिने हट्ट करून नवीकोरी सापशिडी आणवली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "कांजिण्या. सगळ्या पुरळावर खपल्या धरेपर्यंत कुणात मिसळायचं नाही."

"आणि सापशिडी?" भिंगरीने विचारलं.

"घरातल्यांशी खेळ की."

घरातले म्हणजे दोघंच. आई बँकेत रोखपाल. तिने रजा मागितली तेव्हा साहेबांनी अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "तुम्हाला झाल्यात का?"

"नाही, मुलीला."

"मग मुलीची रजा शाळेने द्यायला हवी. आणि शाळेने तर सुट्टीच दिलीय! अजून काय पाहिजे?"

या तर्कात कुठेही फट नसल्यामुळे ती बिचारी आपल्या खिडकीवर जाऊन नोटा मोजू लागली. वडील नकाशे काढतात. त्यांना ऑफिसने मोठ्या मनाने सांगितलं, की संसर्ग पसरू नये म्हणून घरूनच काम करा, फक्त तशी परवानगी घ्यायला रोज सकाळी ऑफिसात येऊन जा. तिथून परतले की ते जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचे आणि अधूनमधून म्हणायचे, "पाच मिनिटं हं, बाळा." भिंगरी जमिनीवर पट मांडून लाल सोंगटीही आपणच चालवायची आणि हिरवीही. हिरवीला सापाने गिळलं की तिची समजूतही तीच काढायची.

इकडे समितीने तातडीची सभा बोलावली. सभा जिन्यात झाली. अध्यक्षांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही हे त्यांना आठवेना, म्हणून ते स्वतःच्याच घरातून फोनवर हजर राहिले. ठरलं असं, की भिंगरीच्या घरच्यांनी लिफ्ट वापरू नये, जिन्याच्या कठड्याला हात लावू नये, आणि भिंगरीने गॅलरीत येण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहावी. हा ठराव घेऊन मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेलो. म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत गेलो आणि तिथून ओरडून सांगितला. 'बंदी' हा शब्द मी कटाक्षाने टाळला. 'विश्रांतीची सोय' असं म्हणालो.

"काका, लंबू खेळायला येईल?" वरून भिंगरीचा आवाज आला. लंबू म्हणजे आमचे चिरंजीव.

"तू बरी झालीस की नक्की हं!" मी म्हणालो आणि तोंडावर रुमाल धरून खाली उतरलो.

दोन दिवस इमारतीत शांतता होती. मग तळमजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी जिन्यात सहज एक वाक्य टाकलं. "आज ना उद्या सगळ्याच मुलांना व्हायच्या. ऐन परीक्षेत झाल्या म्हणजे मग कळेल."

जिन्यातल्या पालकांचे चेहरे उतरले. माझ्या डोळ्यांसमोर वार्षिक परीक्षा आली, रिकामा बाक आला, आणि लंबूच्या जागी भलताच कुणीतरी पहिला आलेला दिसला. (लंबू आजवर कधी पहिला आलेला नाही, पण शक्यता होती.)

"आत्ता सुट्टीच आहे," चौथ्या मजल्यावरच्या जुळ्यांची आई हळूच म्हणाली.

"आणि आजार घरातच उपलब्ध आहे," फोनमधून अध्यक्ष म्हणाले.

नियमाप्रमाणे तज्ज्ञांचं मत घ्यावं म्हणून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या ताडकन उठल्याच. "वेड लागलंय का तुम्हाला? मुद्दाम लावून घ्यायचा आजार आहे का हा? एखाद्या पोराला जड जाईल. लस असते, ती टोचून घ्या. आणि आज लागण झाली तरी पुरळ काही उद्या..."

"मुलं सुईला फार घाबरतात हो," अध्यक्ष फोनमधून म्हणाले. डॉक्टरीणबाई पुढे काय सांगत होत्या ते आम्ही ऐकलं नाही, कारण तोपर्यंत आम्ही त्यांचे आभार मानायला सुरुवात केली होती.

त्याच संध्याकाळी आधीचा ठराव मागे घेण्यात आला. भिंगरीच्या घरी आळीपाळीने मुलं पाठवायची, अर्धा अर्धा तास, वशिला चालणार नाही. भिंगरीच्या आईने दार अडवून धरलं. "डॉक्टर नको म्हणाल्यात. कुणाच्या पोराला काही झालं तर?"

"अहो, काही झालं पाहिजे म्हणूनच तर पाठवतोय!" जुळ्यांची आई म्हणाली. तेवढ्यात आतून भिंगरी ओरडली, "आई, खेळायला आलेत!" तो आवाज ऐकून त्या माउलीचा हात खाली आला. मला विचाराल तर तिथे मलाही जरा गलबलून आलं. पण लंबूचा नंबर पहिला होता, त्यामुळे थांबता आलं नाही.

भिंगरीने पट मांडला, सोंगट्या लावल्या, लाल सोंगटी पाहुण्याला दिली. लंबूला लागोपाठ तीनदा सहा पडले तेव्हा मी दारातून सूचना केली, "खेळात वेळ घालवू नकोस रे. जवळ सरक. तिच्या तोंडाजवळ बस. श्वास घे, लांब श्वास!"

दुसऱ्या दिवशी जुळे आले. त्यांच्या आईने त्यांना भिंगरीच्या उशीवर झोपवलं, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने आपल्या लेकीला भिंगरीचा उष्टा पेला दिला. मग एका पोराला दोन पाळ्या मिळाल्याचं उघडकीला आलं आणि जिन्यात कडाक्याचं भांडण झालं. "तुमच्याला जास्त लागण मिळाली!" "मग तुमच्यानेही नीट अंग घासून घ्यायचं होतं!" नकाशे बाजूला सारून भिंगरीच्या वडिलांनी दोघांना पाणी दिलं.

पाळ्यांच्या शेवटच्या दिवशी भिंगरीने जुळ्यांच्या आईला विचारलं, "काकू, हे खेळायला येतच नाहीत ना? ह्यांना फक्त कांजिण्या हव्यात ना?"

"असं काय बोलतेस बाळा," काकू म्हणाल्या. "चल, शिंक बघू एकदा."

मग भिंगरीच्या खपल्या धरल्या. डॉक्टरीणबाईंनी ती बरी झाल्याचं सांगितलं, आणि आमच्या दृष्टीने तिच्यात तसं काही उरलं नाही. ती पट काखेत मारून दारोदार फिरली. बेल वाजली की आम्ही आतून विचारायचो, "बरी झालीस ना पूर्ण? वा, वा! आता अभ्यासाला लाग." उरलेली सगळी सुट्टी आम्ही मुलांना घरात कोंडून रोज त्यांची पोटं तपासण्यात घालवली. एकावरही पुरळ नाही! शिंप्याने तर भिंगरीच्या आजाराच्या दर्जाबद्दलच शंका घेतली.

शाळा उघडायच्या आदल्या रात्री लंबू म्हणाला, "बाबा, खाजतंय."

सकाळपर्यंत अख्खी इमारत खाजवत होती. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे असं पाहिलं, की पुढचं काही विचारायची गरज पडली नाही. "लागण झाल्यावर पुरळ यायला दोन-तीन आठवडे लागतात, हेच सांगत होते मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आभार मानत होतात." शाळेने इमारतीचं नाव ऐकूनच फाटक लावून घेतलं. पहिली चाचणी त्याच आठवड्यात होती. जुळ्यांपैकी एकाचा ताप तीन दिवस उतरेना, तेव्हा त्यांची आई डॉक्टरांच्या पायरीवर बसून रडली. तिथे कुणीही तर्क लढवला नाही. माझ्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला झाल्यात का?"

डॉक्टरीणबाईंची बरी झाल्याची चिठ्ठी दाखवून आमच्या इमारतीतून शाळेत गेली ती एकटी भिंगरी.

संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात ती उभी होती, पाठीवर दप्तर, काखेत पट. "काका, मला एकदा होऊन गेल्यात ना, तर डॉक्टर म्हणाल्या मी जाऊ शकते. लंबू एकटाच असेल ना? मी खेळते त्याच्याशी. मग जुळ्यांकडे जाते." आतून लंबू ओरडला, "भिंगरे, लाल माझी!"

इतक्या लहान जिवाचं एवढं मोठं मन पाहून माझे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच मी दारात आडवा हात घालून विचारलं,

"हात धुतलेस का?"

हसू नका. बाहेरून आली होती ती. कुणाच्या अंगात काय असेल, सांगता येतं का? तुमच्या दारात आली असती, तर तुम्ही काय विचारलं असतं?