सायरा, लिमा आणि ज्युलिएट

अख्ख्या रोह्यात हौशी रेडिओवाला होण्याचा पहिला मान मलाच मिळणार, हे मी धाटावच्या आमच्या कंपनीत, शिफ्टच्या बसमध्ये आणि न्हाव्याच्या दुकानात जाहीर करून टाकलं होतं! स्वतःच्या सेटवरून, मोबाइलबिबाइल काही नाही, थेट हवेतून बोलायचं! फक्त आधी सरकारी परीक्षा द्यायची आणि लायसन्स मिळवायचं.

सेट निवडायला मी जेवढा अभ्यास केला, तेवढा बायको निवडताना केला नव्हता. (हे वैशालीला सांगू नका.) शेवटी ठरलं, नवशिक्याला हातात मावणारा सेट पुरे. पण तोही लायसन्स आल्यावरच. तोवर नुसता ऐकायचा रेडिओ घेतला आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एरियलची तार ताणली. वैशालीने पहिल्याच दिवशी तिच्यावर गोधडी वाळत घातली.

मग अभ्यास. रेडिओवर अक्षरं ऐकताना घोळ नको म्हणून प्रत्येक अक्षराला एक नाव असतं. जे म्हणजे ज्युलिएट, एस म्हणजे सिएरा, एल म्हणजे लिमा. सेकंड शिफ्ट असली की सकाळी मी खोलीचं दार लावायचो, टीव्हीचा रिमोट तोंडाशी धरायचो आणि मोठ्याने सराव करायचो.

चौथ्या दिवशी बाहेर आलो, तर पेणहून मेव्हणा पुंडलिक आणि सासूबाई हजर! सासूबाईंचा, म्हणजे इंदुबाईंचा, चेहरा असा, जणू तेराव्याला आल्यात.

"भावोजी," पुंडलिक म्हणाला, "ही सायरा कोण?"

"सायरा?"

"आणि लिमा?" सासूबाई.

"आणि ती ज्युलिएट!" वैशालीने पदर डोळ्यांना लावला. "दार लावून हाका मारतात तिला! 'ज्युलिएट, ऐकू येतंय का?' तिघी हायेत दादा, तिघी!"

"अगो, याला तर एक झेपत नाय!" इंदुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात किंचित कौतुक होतं, असं मला अजून वाटतं.

"अहो, ती अक्षरं आहेत! आता रोहा कसं सांगायचं? रोमिओ, ऑस्कर, हॉटेल..."

"हॉटेल!" वैशाली किंचाळली. "तोंडानंच कबूल केलं!"

मी धावत जाऊन पुस्तक आणलं आणि तक्ता पुढे धरला. पुंडलिकने बोट ठेवून ठेवून वाचला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "पेण सांगा."

"पापा, एको, नोव्हेंबर!"

"गडब?"

"गोल्फ, अल्फा, डेल्टा, अल्फा, ब्राव्हो!"

"नागोठणे?"

नऊच्या नऊ अक्षरं एका दमात! इंदुबाई म्हणाल्या, "गो वैशाली, हुशार हाय गो तुझा नवरा!"

वैशाली इतकी ओशाळली की त्या दिवसापासून माझी उजळणी तिनेच घ्यायला सुरुवात केली. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात पुस्तक. चुकलो की चहा बंद! दोन महिन्यांत मी चहा फारच कमी प्यायलो, पण पास झालो! सगळ्या आळीत पेढे तिनेच वाटले. माझ्यापेक्षा तिचीच मान ताठ.

पुढे कित्येक महिन्यांनी लायसन्स आलं आणि सेटही आला. पहिलं बोलणं ऐकायला पेणची मंडळी मुद्दाम आली. वैशाली ठेवणीतली साडी नेसून गच्चीवर उभी. मी बटण दाबून खणखणीत पुकारा केला. आणि उत्तर आलं!

"नमस्कार! मी पेणहून बोलतोय. आवाज एकदम स्वच्छ! आपलं नाव आणि ठिकाण सांगा."

"पेण?" इंदुबाई म्हणाल्या. "मग आम्ही एसटीचे धक्के खात इथं कशाला आलो?"

मी पुन्हा बटण दाबलं. आणि माझं नाव हर्षद आहे, हेच मला आठवेना! सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. बटण दाबलेलंच. शेवटी बोट सुटलं.

"मित्रा," सेट बोलला, "मला नुसता श्वास ऐकू येतोय. पण श्वास झकास येतोय!"

हा आमचा पहिला संपर्क मी अभिमानाने नोंदवहीत लिहिला आहे. तारीख, वेळ, रोहा ते पेण, सिग्नल उत्तम. 'काय बोलणं झालं' हा रकाना मी कोराच सोडला होता. तिथे वैशालीने सुवाच्य अक्षरात भर घातली: 'यांनी श्वास घेतला.'