सरकारी मासा आणि माझं एरंडेल

साहेबांचे मासे सांभाळायला मी आपण होऊन 'हो' म्हटलं. मला कोणी आग्रह केला नव्हता. आमचे हे मालवणात मत्स्यखात्याच्या कचेरीत कारकून, तेही अजून हंगामी, आणि प्रधानसाहेब मीटिंगसाठी रत्नागिरीला निघालेले. त्यांच्याकडे काचेच्या पेटीत दोन मासे होते. आफ्रिकेतली जात, नाव तिलापिया. सरकार पुढे ते तळ्यांत सोडणार होतं म्हणे. "शिपायाकडे ठेवले तर तो कालवण करील," असं म्हणून साहेबांनी सहज माझ्याकडे पाहिलं. मी मॅट्रिकला शरीरशास्त्र घेतलं होतं. (पास झाले होते, एवढंच सांगते.) मी म्हणाले, "आमच्याकडे ठेवा."

घरी येताना हे म्हणाले, "आणि मेले तर? साहेब मला कायम करतील?"

"मासे कशाला मरतील?" मी म्हणाले. हे वाक्य मी विसरलेले नाही. सासूबाई विसरू देत नाहीत.

खरं कारण वेगळं होतं. आमचा बाबलो तेव्हा वर्षाचाही नव्हता आणि भलताच हडकुळा होता. मी पाजायची, भरवायची, नाचणीचं सत्त्व घोटायची. पण ते जायचं कुठे कोण जाणे. डॉक्टरांकडे माझ्या इतक्या खेपा होत की मला दारात बघताच कंपाउंडर बाटली धुवायला घेई. सासूबाई मला काही बोलत नसत. शेजारणीला मात्र मला ऐकू जाईल अशा बेताने सांगत, "पोर अंग धरणा नाय गो." तेव्हा निदान एक तरी जीव माझ्या हाताखाली गुबगुबीत झालेला या घराने पाहावा, एवढीच माझी इच्छा होती. मासा तर मासा.

पेटी ओटीवर ठेवली. एक मासा मोठा, काळसर, सदा भुकेला. दुसरा लहान, रुपेरी, गरीब स्वभावाचा. पहिले काही दिवस छान गेले. मग लहान्याने खाणं सोडलं.

मी कणकेच्या गोळ्या टाकल्या. मोठ्याने खाल्ल्या. कोलंबी बारीक चिरून टाकली. तीही मोठ्याने खाल्ली. लहाना कोपऱ्यात तोंड घट्ट मिटून उभा. त्याचं पोट खपाटीला गेलं, पाठीचा काटा दिसू लागला, डोकं तेवढं मोठं वाटू लागलं. ही लक्षणं माझ्या ओळखीची होती. मी वळून पाळण्याकडे पाहिलं आणि मला रडूच आलं.

तोंडवलीहून मासळी घेऊन येणारी हौसाबाई टोपली उतरवून पेटीपाशी वाकली. "वैनी, ह्यो सुकान काटो झालो. आजच सार करा. उद्या काय उरूचो नाय."

"सरकारी आहे तो!" मी म्हणाले.

"मगे सरकाराक वाढा."

सासूबाईंनी मीठ-मिरच्या घेतल्या आणि पेटीवरून ओवाळून माशाची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तशी आम्ही सगळीच खोकू लागलो. "ठसको इलो. दृष्ट नाय ही," त्यांनी निदान केलं. "पोटात कायतरी आसा." मग त्यांनी मला न विचारता पेटीत वाटीभर पेज ओतली. (आजारी माणसाला पेज देतात. मासा आजारी. त्यांचं चुकलं कुठे, हे मला आजही नीट सांगता येत नाही.) पाणी पांढरं झालं आणि दोन्ही मासे दिसेनासे झाले. ते विहिरीच्या पाण्याने बदलता बदलता माझी कंबर गेली.

पाणी निवळल्यावर पाहते तो लहान्याचे गाल सुजलेले. गळ्याखाली चांगला फुगवटा. आता गालगुंड! मी तशीच डॉक्टरांकडे गेले.

"काय झालं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काही खात नाही. तोंडच उघडत नाही."

"पोट?"

"खपाटीला गेलंय. पण गाल सुजलेत."

"रडतो का?"

"आवाजच नाही."

"झोप?"

"डोळे उघडे ठेवून."

डॉक्टरांनी आता मान वर केली. "मग त्याला घरी कशाला ठेवलाय? घेऊन या आधी!"

"आणू कसा? पाण्याबाहेर काढला की तडफडतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मी सगळं सांगितलं. कंपाउंडर औषधांच्या कपाटामागे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, माशांचं मला सार ठाऊक. पण तुम्ही बाबल्यासाठी दर वेळी एरंडेल देऊ का म्हणून विचारता, आणि मी दर वेळी नको म्हणतो. या खेपेला द्या एरंडेल."

हा विनोद होता, हे मला घरी पोचल्यावर कळायला हवं होतं. पण घरी पोचेपर्यंत मी एरंडेल आणि मात्रा यांचाच विचार करत होते. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते.

परातीत पेटीतलं पाणी घेतलं. ओल्या फडक्यात मासा धरला. बाबल्याला औषध पाजायचं बोंडलं घेऊन त्यात थेंबभर एरंडेल घातलं. बाबल्याला औषध पाजताना मी त्याच्या हनुवटीखाली अंगठा दाबते. माशाला हनुवटी नसते, पण अंगठ्याला सवय झालेली. मी दाबला. माशाने अंग झटकलं, तोंड उघडलं, आणि आतून बारीक काळं काहीतरी भसाभस परातीत पडलं. वळवळणारं. मूठभर!

"जंत!" मी ओरडले. "आई, जंत पडले!" खरं सांगते, मला इतका आनंद बाबल्याला पहिला दात आला तेव्हाही झाला नव्हता. रोग सापडला होता. औषध पोटात जायच्या आधीच लागू पडलं होतं. मी मासा पेटीत सोडला आणि जंत माडाच्या आळ्यात ओतायला परात उचलून अंगणात धावले.

"थांब गो!" सासूबाई मागून आल्या. त्यांनी परातीची कड धरली आणि पाण्यात निरखून पाहिलं. "जंतांका डोळे खंय असतत?"

मी पाहिलं. प्रत्येकाला दोन डोळे होते. एक इवलीशी शेपटीही होती. इतके सगळे डोळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना माडाखाली ओतणार होते. परात सासूबाईंनीच माझ्या हातून काढून घेतली.

आम्ही परात पेटीत अलगद बुडवली. (मोठा मासा आधी बादलीत काढला. त्याची भूक आम्हाला ठाऊक होती.) लहाना कोपऱ्यात होता. लहानी, म्हणायला हवं आता. तिने तोंड उघडलं, आणि ती सगळी चिमुरडी धावत जाऊन एकेक आत शिरली. शेवटचं एक बाहेर भटकत राहिलं, तेही तिने जाऊन उचललं. मग पुन्हा तोंड मिटून ती होती तशी उभी. आजार नव्हता की गालगुंड नव्हतं. पोरं गिळली जाऊ नयेत म्हणून ती इतके दिवस उपाशी होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा मोठा अजून बादलीतच होता आणि पिल्लं तोंडाबाहेर खेळत होती. साहेब हरखले. "ही तोंडात पिल्लं सांभाळणारी जात. सांगायचं राहूनच गेलं! मादी वाळत चाललेली बघून लोक घाबरतात, भलतं औषध देतात. तुम्ही नाही ना काही दिलं?"

"छे!" मी म्हणाले. हे खोकले.

"शिकलेल्या बाईच्या हाती पडले म्हणून वाचले," साहेब ह्यांना म्हणाले. "तुमचे कायम व्हायचे कागद मी वर पाठवतो."

पेटी गेली, साहेब गेले. मी ओटीवर जरा ताठ उभी होते. सासूबाईंनी बाबल्याला कडेवर घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच शेजारणीला न सांगता सरळ मला म्हणाल्या, "बघितलंस मां? एवढी पोरां सांभाळल्यान, पण तोंड काय उघडूक नाय तिना. नि तुझा एकच पोर, पण मालवणात तुझी रड ऐकूचो रवलो असो माणूस नाय."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. आत पिल्लं नव्हती, तरीही.