बशीखालचं कार्ड

"उद्याच्या जेवणात तो शब्द पदरात पाडून घेतो की नाही बघा!" मुख्य संपादकांना असं छातीठोकपणे सांगून कोशकार शनिवारी घरी आला.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सव्वीस वर्षं झाली होती, म्हणजे लग्नाला झाली तितकीच. कोश छपाईला निघाला होता आणि एकाच शब्दापाशी घोडं अडलं होतं: डेलिशस. अर्थ लिहून तयार होता. मूळ तर त्याला तोंडपाठ! भुलवणं, नादी लावून ओढून नेणं अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला, आणि फासाचा लॅटिन शब्दही म्हणे त्याच कुळातला. अडलं होतं ते उदाहरण. कचेरीचा नियम कडक होता. उदाहरण स्वतः रचायचं नाही. कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य ऐकायचं आणि वक्ता, स्थळ, प्रसंग यांसह कार्डावर उतरवायचं.

आता त्याच्या घरी हा शब्द कोण उच्चारणार? सव्वीस वर्षांत जेवणाच्या टेबलावर त्याच्या तोंडून दोनच गोष्टी निघाल्या होत्या, "मीठ दे" आणि "पुरे". म्हणून त्याने मेव्हण्याला जेवायला बोलावलं. मेव्हणा विमा विकायचा आणि दिसेल त्याची तारीफ करायचा. सगळे त्याला 'वाहवा' म्हणूनच ओळखत.

"माझ्या भावाला तुम्ही आपणहून बोलावलंत?" बायको हरखूनच गेली. "मग पुडिंग करते!"

ती साखर वितळवत होती, तेव्हा कोशकार शेगडीपाशी येऊन उभा राहिला. "अगं, चव माणसाला कशी भुलवते माहितेय? लॅटिनमध्ये..." लॅटिन चांगलं बारा मिनिटं चाललं. पातेल्यातली साखर सोनेरी झाली, तांबूस झाली, आणि मग काय झाली ते कुणीच पाहिलं नाही. बायको नवऱ्याकडे बघत होती. इतकं तो तिच्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलत होता!

जेवताना वाहवाने टेबलक्लॉथची तारीफ केली, चमच्यांची केली, पडद्यांची केली. मग पुडिंगचा पहिला घास घेतला आणि गप्पच झाला!

"काय रे, कसं झालंय?" कोशकाराने बशीखालच्या कार्डाकडे पेन्सिल सरकवत विचारलं.

"वेगळं झालंय, भाऊजी."

"वेगळं म्हणजे? नीट सांग!"

"म्हणजे... जिभेवर बराच वेळ राहतं."

"अरे, इंग्रजीत सांग की! 'ड'वरून एक शब्द आहे बघ..."

"डेंजरस?" वाहवा पाण्याचा पेला चाचपडत म्हणाला.

बायको दारातून हे ऐकत होती. आपल्या हातच्या पदार्थाचं कौतुक व्हावं म्हणून नवरा एवढा हट्टाला पेटलाय! तिला भरून आलं. "अहो, त्याला कशाला छळताय? तुम्हीच सांगा ना!" असं म्हणत तिने आणखी वाढायला त्याची बशी उचलली.

खाली कार्ड. तिने ते मोठ्याने वाचलं.

"शब्द, डेलिशस. वक्ता, मेव्हणा. पदार्थ, पत्नीने केलेला, सामान्य."

वाहवाने घाईघाईने पुन्हा पडद्यांची तारीफ केली.

"खाण्याआधीच लिहून ठेवलंत?" तिने विचारलं.

कोशकाराने बशी ओढून घेतली, भला मोठा घास तोंडात कोंबला आणि ओरडला, "डेलिशस! खरंच सांगतो, डेलिशस!"

तिने त्याच्याच बशीतलं चमचाभर खाऊन पाहिलं. करपून कडू जहर झालेलं!

"सव्वीस वर्षांत एकदा डेलिशस म्हणालात," ती हळूच म्हणाली, "तेही करपलेल्याला."

आणि या शहाण्याने काय करावं? कार्ड उलटं केलं आणि तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं!

संपादक खूश झाले. वाक्य छापून आलं, वक्ता, गृहिणी. कोशाची प्रत त्याने मोठ्या हौसेने तिच्या हातात ठेवली. तिने ते पान वाचलं, कोश मिटला आणि गरम पातेल्याखाली सरकवला. जाडजूड आहे, टेबलाला चटका बसत नाही.

आताशा कोशकार रोज म्हणतो, "छान झालंय गं!" आणि अगदी मनापासून म्हणतो. जवळ कार्ड नसतं, पेन्सिल नसते. तरी ती आधी त्याचं ताट उचलून खाली बघते.