रकाना अकरा: मूल बोलतं का?

"फॉर्म मी भरतो," असं मी त्या दिवशी तोंड वर करून म्हणालो नसतो, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

"अहो, थेरपिस्टबाई भरून देते म्हणाल्यात," ही म्हणाली. (ही म्हणजे माझी बायको.) "त्यांना रोजची सवय आहे."

"त्या रोज भरत असतील, आम्ही रोज नाकारतो! फॉर्ममधलं मला नाही कळणार तर कुणाला?"

हे मात्र खरं होतं. आरोग्यविमा कंपनीच्या क्लेम विभागात मी बावीस वर्षं कारकून आहे. मंजूर की नामंजूर ते वरचे लोक ठरवतात आणि शिक्का मारतात. नामंजूर झालं की पत्र मी लिहितो. माणसाच्या तोंडावर दार लावायचं, पण आधी बिजागरीला तेल घालून, हे माझं काम. नकाराच्या पत्रांसाठी मी लिहून ठेवलेला 'परिच्छेद सात' तर ऑफिसात गाजलेला आहे. तो वाचून एका गृहस्थांनी आभाराचं पत्र पाठवलं होतं. आपला क्लेम नाकारलाय हे त्यांना दोन महिन्यांनी कळलं.

पत्र कानाला गोड लागलं पाहिजे, म्हणून घरी आल्यावर मी ते येरझारा घालत मोठ्यानं वाचतो. श्रोता एकच, आमची गोटी. वय वर्षं सहा. कपडे वाळत घालायचे चिमटे रंगाप्रमाणे ओळीत लावत ती बसायची आणि मी ऐकवत सुटायचो. (दुसरं कुणी ऐकून घेत नाही.)

गोटी स्वतःहून बोलत नाही. तहान लागली तरी सांगत नाही, दुखलं तरी सांगत नाही. नुसती रडते आणि आम्ही डोक्यापासून पायापर्यंत शोधत बसतो. मध्यंतरी तीन दिवस तिचा कान ठणकत होता, तो वाहायला लागला तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवशी ही खूप रडली. मीही रडलो, पण बाथरूममध्ये. कानावर पडलेलं मात्र गोटी जसंच्या तसं म्हणते, काना-मात्रेचा फरक नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "ऑटिझम आहे. घाबरू नका, पण थेरपी लगेच सुरू करा." आम्ही घाबरलो नाही. फी ऐकली आणि मग घाबरलो. थेरपिस्टबाईंकडे एकच जागा रिकामी होती, ती त्यांनी महिनाअखेरपर्यंत आमच्यासाठी धरून ठेवली. म्हणून क्लेम, म्हणून फॉर्म आणि म्हणून मी.

दहा रकाने मी झरझर भरले. अकराव्यात होतं, 'मूल बोलतं का?'

'नाही' हा माझा पोटापाण्याचा शब्द. बावीस वर्षांत हजारो वेळा लिहिलेला. पण त्या दिवशी हातच चालेना. पोटची पोर हो! लिहिलं की खरं होईल असं काहीतरी वाटलं. शेवटी मी लिहिलं, 'होय. पूर्ण वाक्यं. भाषा शुद्ध.' (यात खोटं काय आहे, असं स्वतःला चार वेळा समजावलं. पाचव्यांदा पटलं.)

आठवड्याभरात पडताळणीचा फोन आला. ही गच्चीत कपडे काढायला गेलेली, मी अंगाला साबण लावलेला. गोटीनं फोन उचलला आणि नेमका स्पीकर चालू केला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"आपले पत्र मिळाले. धन्यवाद."

"अं? अहो मॅडम, मला तुमच्या मुलीशी बोलायचं होतं. सहा वर्षांची."

"आपल्या प्रकरणाचा आम्ही सहानुभूतीपूर्वक विचार केला आहे."

"बाळ... तूच का ती?"

"मूळ कागदपत्रे जोडावीत."

"कागदपत्रं जोडलीत गं," पलीकडचा माणूस चक्क घाबरून म्हणाला.

"आपल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे."

मी टॉवेल सावरत, घसरत, दाराला गुडघा आपटत पोचलो तोवर फोन बंद झाला होता. पडताळणीच्या अहवालात आलं: 'मुलीशी प्रत्यक्ष संभाषण झाले. भाषा वयाच्या मानाने फारच प्रगल्भ. वडिलांनी फॉर्मवर दिलेली माहिती खरी आहे.' बावीस वर्षांत कंपनीनं एखाद्याची माहिती खरी मानल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पाहिलं, कारण फाईल माझ्याच टेबलावर आली. आमच्याकडे पत्रं पॉलिसीच्या शेवटच्या आकड्यावरून वाटली जातात. सातचा आकडा माझा. आणि माझ्या पॉलिसीचा शेवटचा आकडाही सात. वर 'नामंजूर' असा शिक्का, आणि नियम असा की फाईल आली त्याच दिवशी पत्र गेलं पाहिजे.

दुसरा कुणी असता तर फाईल घेऊन तडक आमच्या विभागप्रमुख मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये घुसला असता. मी काय केलं? पत्र लिहिलं. स्वतःलाच. 'प्रिय ग्राहक' असं. आणि खरं सांगतो, पत्र फार सुरेख उतरलं.

ते दोन दिवसांनी घरी आलं. हिनं दारातच पाकीट फोडलं. "'मूल बोलत असल्यामुळे भाषेच्या थेरपीची आवश्यकता दिसून येत नाही. तथापि...' कुठल्या मेल्यानं लिहिलंय हो हे? काय गुळगुळीत लिहिलंय! याला पोरंबाळं आहेत की नाहीत?"

मी छताचा पंखा न्याहाळू लागलो.

तेवढ्यात कोपऱ्यातून चिमटे लावता लावता गोटी म्हणाली, "तथापि, आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी कंपनी आपणांस मनःपूर्वक शुभेच्छा देते."

हिनं कागदाकडे पाहिलं. पुढचं वाक्य तेच होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

पुढचा अर्धा तास मी सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यात माझ्या आईवडिलांपासून परिच्छेद सातपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. रकाना अकरामध्ये मी काय लिहिलं होतं तेही बाहेर आलं. मग हिनं आवाज एकदम खाली आणला. ते जास्त वाईट होतं.

"तुम्हाला लाज वाटली तिची?"

"तिची नाही गं," मी म्हणालो. "लिहवेना."

महिना संपायला चार दिवस होते. आम्ही अपील केलं. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये सुनावणी. एका बाजूला बाई आणि कंपनीचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला ही, गोटी आणि मी. बसू कुठं हे मला कळेना. पगार तिकडचा, संसार इकडचा. मी दाराशी उभा राहिलो.

डॉक्टरांनी गोटीपुढे पाण्याचा ग्लास धरला. "बाळ, पाणी हवंय?"

"पॉलिसीच्या अटी काळजीपूर्वक वाचाव्यात," गोटी म्हणाली.

बाई दचकल्या. "हे तर आपलं वाक्य!"

"तुमचंच आहे," ही म्हणाली. "तिचं स्वतःचं एकही नाही. पाणी हवं, एवढंसुद्धा नाही. तेच शिकवायचंय तिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "बाई, मी खोटं लिहिलं," मी म्हणालो. "माझी मुलगी बोलत नाही." आणि पुढे होऊन टेबलावरचा फॉर्म ओढून रकाना अकरामध्ये 'होय' खोडून 'नाही' लिहिलं. अक्षर अगदी वेडंवाकडं आलं.

बाईंनी सुस्कारा सोडला. "वाईट वाटतं. पण मग परिच्छेद नऊ लागतो. 'मूल बोलत नसल्यास थेरपीने फरक पडेल याची खात्री देता येत नसल्यामुळे...'"

म्हणजे बोलतं तर थेरपी कशाला, आणि बोलत नाही तर थेरपीचा उपयोग काय! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. इतका बदमाश परिच्छेद कुठल्या हरामखोरानं लिहिला म्हणून मी तोंड उघडणार, इतक्यात आठवलं. नऊही माझाच होता.

गोटीनं बाईंच्या टेबलावरच्या टाचण्या ओळीत लावल्या आणि माझ्या येरझाऱ्यांच्या लयीत म्हणाली, "हा निर्णय अमान्य असल्यास ग्राहकास तीस दिवसांत लवादाकडे विनामूल्य दाद मागता येईल. लवादाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक राहील."

हे वाक्य आम्ही पत्राच्या तळाशी छापतो. इतकं बारीक, की आजवर एकाही ग्राहकानं ते वाचल्याची नोंद नाही.

"अशी सोय आहे?" हिनं मला विचारलं. "आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"ते... आम्ही सहसा सांगत नाही."

"तीस दिवस ना? मी उद्याच जाते. हिला घेऊन जाते. तिला तुमची सगळी पत्रं पाठ आहेत, लवादाला एकेक ऐकवेल."

डॉक्टर खोकले. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "प्रकरण तसं विशेष आहे," आणि कपाटातून मंजुरीचा शिक्का काढला. तो इतका वाळला होता की तीनदा शाईत बुडवावा लागला.

थेरपी महिनाअखेरच्या आदल्या दिवशी सुरू झाली. थेरपिस्टबाईंनी पहिलंच पथ्य मला सांगितलं. घरात पत्रवाचन बंद. छोटी वाक्यं बोलायची, ती बोलेल म्हणून थांबायचं. मला थांबायला शिकवताना त्यांना जास्त घाम फुटला.

सात महिने गेले. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो आणि पथ्य विसरून हिला मोठ्या बाईंची काहीतरी लांबलचक गोष्ट सांगत बसलो. गोटी चिमटे सोडून उठली. माझ्यापाशी आली, चवड्यांवर उभी राहिली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

"बाबा, पुरे. पाणी."

ते कुठल्याच पत्रात नव्हतं. मी पाठोपाठ तीन ग्लास आणले. ही रडत होती, मीही रडलो, आणि या वेळी बाथरूममध्ये गेलो नाही.

परवा थेरपीच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. मी गुपचूप पेन हिच्या हातात दिलं. रकाना अकरा: 'मूल बोलतं का?' हिनं लिहिलं, 'बोलायला लागलंय. थेरपी चालू ठेवावी.' मग पट्टी घेऊन खाली एक नवा रकाना आखला, 'वडील बोलतात का?' आणि त्यात लिहिलं, 'थांबतच नाहीत.'

"यावर काही उपचार बसतात का हो आपल्या पॉलिसीत?" तिनं विचारलं.

"नाही," मी सवयीनं म्हणालो. "आधीपासूनचा आजार आहे."