शकूआत्याचा परतीचा रस्ता

आमची शकूआत्या ज्या रस्त्यानं जायची, त्या रस्त्यानं परत यायची नाही. कुठंही गेली तरी नाही. जबलपूरहून पनागरला भाजी आणायला जीप घेऊन डांबरी सडकेनं जायची आणि येताना कालव्याच्या काठानं, कुणाच्या तरी मटाराच्या शेताला वळसा घालून, एकदा तर चक्क एका लग्नाच्या मांडवातून आली. जीप थांबवून नवरदेवाला आशीर्वाद दिला, दोन लाडू घेतले आणि मांडवाच्या पलीकडून निघाली. पेन्शनच्या कामाला सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत जायची ती पुढच्या फाटकानं, आणि बाहेर पडायची मागच्या बाजूनं, साहेबाच्या बंगल्याच्या बागेतून. चपराशी मागं धावायचा, "अरे मैडमजी, इधर से रास्ता नहीं है!" आत्या म्हणायची, "अब हो गया ना, भैया."

तुम्ही म्हणाल, बाई अंधश्रद्धाळू असेल. अजिबात नाही. आत्यानं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबलं, की ती त्याला हाताला धरून तीनदा तिथून चालवायची. आम्ही मूळची नागपूरकडची बौद्ध माणसं, 'का' विचारायला घरातच शिकलेली. पण हाच 'का' आत्याला विचारला की तिचं उत्तर ठरलेलं.

"आत्या, काहून वं त्याच रस्त्यानं परत येत नाही?"

"पृथ्वी गोल आहे, अशोक्या. पुढं जात राहिलं का घर येतेच."

पृथ्वी गोल आहे, मान्य. पण ती मोठीही आहे, आणि आत्याच्या जीपमधला पेट्रोलचा काटा कायमचा बंद पडलेला होता.

ही जीप तिनं फौजेच्या लिलावात घेतली. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, वारले त्याच्या पुढच्याच वर्षी. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, भटकायचा भारी नाद. ते एका धबधब्यापाशी अचानक गेले, हृदय बंद पडून, आणि आत्या एकटी त्यांना घेऊन परत आली, एवढंच आम्हाला ठाऊक. तिनं कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं, बाई आता घरात बसेल. बाईनं जीप घेतली, फौजी ताडपत्रीचा तंबू घेतला आणि सुट्ट्या लागल्या की आम्हाला दऱ्याखोऱ्यांतून फिरवायला लागली.

आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुनंदा आणि सात वर्षांची पिंकी. सुनंदा आणि पिंकी आत्यावर जीव टाकायच्या. माझा जीव मात्र सहलीच्या चार दिवस आधीच टांगणीला लागायचा. मी भित्रा आहे, सांगून टाकतो. विम्याच्या कचेरीत मृत्यूचे दावे माझ्या टेबलावरून जातात. माणूस काय काय करताना मरू शकतो हे मी रोज दहा ते पाच वाचतो. धबधब्याच्या शेवाळावर पाय घसरून, दरीत वाकून बघताना, मोहोळाखाली जेवायला बसून. आत्या म्हणायची, "ह्याले नोको विचारू. हा अंघोळीच्या बादलीलेबी घाबरते."

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आत्यानं जाहीर केलं की शहपुऱ्याच्या पुढं जंगलात एक धबधबा आहे, तिथं दोन रात्री राहायचं. मी विचारलं, "रस्ता आहे का?"

"जाईपर्यंत आहे."

"अन् यायला?"

"ते तिथं गेल्यावर पाहू. घाबरून राहिला काय?"

घाबरूनच राहिलो होतो. शहपुऱ्यानंतर डांबर संपलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वळणावर जीप तिरकी झाली की मी डोळे मिटून पिंकीचा फ्रॉक धरायचो. ती म्हणायची, "पापा, छोडो ना, फट जाएगी." वाटेत एका वडाखाली चहाची टपरी लागली. टपरीवाला म्हातारा मोठा बोलका. त्याच्याकडे पिंजऱ्यात पोपट होता. पिंकीनं त्याला मिरची भरवली, म्हाताऱ्यानं पिंकीला बिस्किटं भरवली. निघताना म्हणाला, "लौटते में रुकना, बिटिया. मिट्ठू को तुम्हारा नाम सिखा दूँगा." आत्या एरवी कुणाशीही दोन वाक्यं जास्तच बोलायची. या वेळी काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसली.

धबधबा सुंदर होता, असं सुनंदा म्हणते. मी पाठ करून बसलो होतो. दरी इतकी खोल की खालचं पाणी दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. आत्या दरीच्या कडेला उभं राहून वाफाळता भात ढवळत होती आणि खडक कसे तयार होतात ते पिंकीला समजावत होती. रात्रभर तंबूबाहेर काहीतरी चालत होतं. सकाळी कळलं, गाय होती. आत्या हसून हसून बेजार झाली. मीही हसलो. तेवढंच हसणं त्या सहलीत माझ्या वाट्याला आलं.

कारण त्याच वेळी पिंकी किंचाळली. बूट घालताना तिला बुटातला विंचू चावला होता. छोटासा, तांबडा.

मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण हा लहान तांबडा जास्त वाईट, आणि तो लहान मुलांना सगळ्यात वाईट. हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं ते सांगायला नको. पाच-दहा मिनिटांत पिंकीला दरदरून घाम सुटला. मग उलटी झाली. हात बर्फासारखे गार पडले. सुनंदा तिचं नाव घेत राहिली. मी तिचे हात चोळत राहिलो. गाय शोधत आलेला एक गावकरी म्हणाला, पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, गुनिया आहे, मंतर मारून जहर उतरवतो. आत्यानं पिंकीचा पाय ओल्या फडक्यानं गुंडाळला आणि म्हणाली, "मंतर-बिंतर काही नाही. दवाखाना." तंबू, भांडी, सगळं तिथंच टाकून आम्ही जीपमध्ये बसलो.

जीप सुरू झाली आणि हललीच नाही.

दोन वाटा होत्या. मागची, जिनं आलो ती, दीड तासात शहपुऱ्याच्या सरकारी दवाखान्यात. पुढची, नाल्यातून जंगलात जाणारी, कुठं निघते ते गावकऱ्यालाही धड सांगता येईना. आत्या दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पुढच्या वाटेकडं बघत होती. "पुढूनबी रस्ता असंल," ती पुटपुटली. "जवळचा असंल."

मी आत्याकडं पाहिलं. ती गिअरला हात लावायची आणि परत स्टिअरिंग धरायची. एवढ्या वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आमच्या घरात घाबरायचं खातं माझ्याकडं होतं. तीच घाबरली तर आता आम्ही कुणाकडं बघायचं? आणि मला दुसरी भीती वाटली, ती सांगायची लाज वाटते. मला वाटलं, ही बाई आपल्या खुळापायी माझी पोरगी मारणार.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आत्यावर ओरडलो. "आत्या, तुझी पृथ्वी गोल असो नाही तर चौकोनी, गाडी मागं फिरव! माझी पोर मरून राहिली!"

आत्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. ओठ घट्ट आवळले आणि जीप फिरवली.

तो दीड तास मी वैऱ्यालाही देणार नाही. दरीच्या कडेनं ती जी काय गाडी हाकत होती! आणि गंमत सांगतो, त्या दिवशी मला दरीची भीती वाटलीच नाही. मी पिंकीच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो. तिचं काळीज धडधडत होतं, मधेच अडखळत होतं. वडाखालची टपरी आली. म्हातारा लांबूनच जीप ओळखून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला, हात वर करून. मला पाणी हवं होतं पिंकीसाठी. "थांब, थांब," मी म्हणालो. आत्या थांबली नाही. तिनं नजर सरळ समोर ठेवली आणि ॲक्सिलरेटर दाबला. म्हाताऱ्यानं वाकून मागच्या सीटवर आडवी पडलेली पिंकी पाहिली आणि त्याचा वर केलेला हात तसाच राहिला.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, पण विंचवाच्या केसेस त्यानं पाहिलेल्या होत्या. गोळी दिली, सलाइन लावलं, तासातासाला नाडी बघत बसला. संध्याकाळी पिंकीचे हात गरम झाले. दिवेलागणीला तिनं डोळे उघडून खायला मागितलं. सुनंदा रडली. मीही रडलो, बाहेर जाऊन, भिंतीकडं तोंड करून. आत्या व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मी सकाळच्या ओरडण्याबद्दल काहीतरी बोलणार होतो. ती म्हणाली, "जा, पोरीजवळ बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं सोडलं. आम्ही जीपमध्ये बसलो आणि आत्यानं गाडी जबलपूरच्या उलट दिशेला वळवली.

"अवं आत्या, घर तिकडं आहे!"

"माहीत आहे."

"मग? तंबू राहू दे ना, मी पाठवतो कोणाले तरी."

"तंबूसाठी नाही चालली."

वडाखाली जीप थांबायच्या आधीच म्हातारा उठून उभा राहिला. आत्या उडी मारून उतरली आणि तो तोंड उघडायच्या आत म्हणाली, "भैया, बिटिया ठीक है. बिच्छू ने काटा था. अब ठीक है, देखो, बैठी है." म्हातारा जीपपाशी आला, त्यानं पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "कल से रोटी गले नहीं उतरी, बहनजी." मग डोळे पुसत चहा ठेवायला गेला. पिंकी सुनंदाच्या हाताला धरून पोपटाकडं गेली.

मी आत्याशेजारी बाकावर बसलो. "एवढ्यासाठी आलीस?"

"नाही तं काय. तो बिचारा रोज येणाऱ्या गाडीले पाहत राहिला असता." मग रस्त्याकडं बघतच बोलायला लागली. "तुह्या फुफाजींले घेऊन आली ना मी, तं असंच एक चहावाला होता. सकाळी आम्ही त्याच्याकडं चहा पिऊन गेलो होतो. ह्यांनी त्याची लई तारीफ केली होती, वापसीतबी पिऊ म्हणे. परत येतानी डायवरनं गाडी हळू केली, रस्त्यात बैलं होते. तं तो माणूस धावत आला. आपल्या मनानंच दोन गिलास घेऊन. ह्यांचं डोकं माह्या मांडीवर होतं, वरून शाल. म्हणे, साहब सो गए क्या?"

"मग?"

"मी म्हटलं, हाव. थक गए." आत्यानं पदरानं चष्मा पुसला. "इतका खुश होता रे तो. कसं सांगू त्याले? दोन्ही गिलास माह्या हातात दिले, म्हणे, जगा के पिला दो, ठंडी हो जाएगी. अन् उभाच राहिला, गिलास वापस नेण्यासाठी. मी माह्यावाला प्याली."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"मग त्यांच्यावालाबी प्याली," आत्या म्हणाली. "साखर जास्त होती. ह्यांले आवडे तशी."