अठरा किलोंची पर्स

"एक रविवार द्या मला! फक्त एक रविवार! गाडी अशी करून दाखवतो की वळणावर रुळावरून चालल्यासारखी चालेल आणि खड्ड्यावर पाळण्यासारखी!"

चष्मेवाल्यांनी ही घोषणा सकाळच्या चहाला केली. ऐकून कोणी भारावून वगैरे गेलं नाही. बायको शाळेच्या वह्या तपासत होती, तिने मान वर न करता एका वहीवर लाल फुली मारली. ती फुली वहीतल्या उत्तराला होती की नवऱ्याला, हे सांगणं कठीण.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. वीस वर्षं लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून "हे बरं दिसतं की मघाचं?" विचारण्यात गेली. भिंगातला पाव नंबरचा फरकही त्यांच्या हातून सुटत नसे. अशा माणसाने मागच्या महिन्यात, कोणालाही न विचारता, एक सेकंडहँड लाल स्पोर्टी गाडी घेतली! आवाज असा की गल्लीतली कुत्री उभी राहावीत. पुढे दोन झकास सीटा, आणि मागे बसणाऱ्याने गुडघे कानाला लावून बसायचं. दोष म्हणाल तर एकच. रस्त्यावर साधी आगपेटीची काडी पडलेली असली तरी ती पाठीच्या मणक्यापर्यंत कळायची.

"परवा त्या स्पीडब्रेकरवर," बायको म्हणाली, "मला कवळी असती ना, तर मागच्या काचेपाशी सापडली असती."

"म्हणून तर धक्के झेलणारे नवे शॉकअप मागवलेत! प्रत्येकाला वर एक बटण. फिरवलं की क्लिक, क्लिक! चोवीस क्लिक! हवं तेवढं कडक, हवं तेवढं मऊ. शिवाय स्प्रिंगला खाली रिंग. फिरवली की गाडी वरखाली होते!"

"अहो, पण तुम्हाला यातलं काय कळतं?"

"भिंगातलं कळतं त्याला सगळं कळतं!"

बायकोने पेनाचं टोपण लावलं. टोपण लागलं की तिचा निकाल लागला असं समजायचं. "ठीक आहे. पुढच्या रविवारी आईला घेऊन डोंगरावरच्या तलावाला जाऊ. आई पुढे बसेल. जाऊन-येऊन हाडं जागेवर राहिली, तर गाडी ठेवा. नाहीतर सोमवारी जाहिरात द्यायची. कबूल?"

"कबूल!" चष्मेवाले ओरडले. नाही तरी दुसरा शब्द त्या टेबलावर उपलब्ध नव्हता.

गॅरेजवाला जुना खेळाडू होता. त्याने बॉनेटवर कोपर टेकून चष्मेवाल्यांना तीन नियम सांगितले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललं ते वहीत लिहायचं. आणि उंची बांधताना गाडी रिकामी ठेवायची नाही, बसणाऱ्यांचं वजन सीटवर ठेवून बांधायची. "दोघं बसणार ना पुढे? मग दोघांची वजनं आणा साहेब. अगदी बरोबर आणा. ही गाडी आधीच जमिनीला नाक घासते. खोटं वजन सांगितलं की ती खोटंच वागणार!"

स्वतःचं वजन चष्मेवाल्यांनी चौकातल्या यंत्रावर लगेच करून आणलं. प्रश्न होता सासूबाईंचा. सासूबाईंना त्यांचं वजन विचारायचं! आता तुम्हीच सांगा, या कामाला कोण धजावेल? बायकोने तर हात जोडले. "मी तिची मुलगी आहे, मला अजून जगायचंय."

शेवटी चष्मेवाले स्वतः गेले. सासूबाई महिनाभरासाठी लेकीकडे आल्या होत्या आणि खिडकीपाशी विणत बसल्या होत्या.

"आई, एक जरा तांत्रिक माहिती हवी होती. म्हणजे गाडीसाठी. म्हणजे सीटवर किती भार येईल, त्याचा अंदाज…"

सुया थांबल्या. सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"छप्पन्न," त्या म्हणाल्या. सुया पुन्हा सुरू झाल्या.

आता एखादा दुसरा जावई असता तर त्याने सासूबाईंकडे एकदा नीट पाहिलं असतं. पण चष्मेवाल्यांना शंका येईलच कशी? सासूबाईंनी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत पार्सलं तोलली होती! पार्सल नुसतं हातात घेऊन त्या वजन सांगत आणि काटा नंतर त्यांना दुजोरा देत असे. पार्सल दहा ग्रॅमनी जास्त भरलं तरी माणसाला परत पाठवणारी बाई! अशा बाईंचा आकडा चुकेल? चष्मेवाल्यांनी वहीत लिहिलं, "डावी सीट: ५६" आणि खाली दोन रेघा मारल्या.

गॅरेजात छप्पन्न किलो वाळू मोजून पोत्यात भरली आणि पोतं पुढच्या डाव्या सीटवर बसवलं. चष्मेवाल्यांनी त्याला बेल्टही लावला. सासूबाईंच्या जागी बसलेलं पोतं, मान राखायला नको? मग गॅरेजवाल्याने रिंगा फिरवल्या, आणि चाक आणि मडगार्ड यांच्यात चारी बाजूंना नेमकी दोन-दोन बोटं जागा ठेवली. शॉकअपला बारा क्लिक. "आता जा फिरून या!"

आणि काय सांगू महाराजा! गाडी बदललीच! खड्डा आला, गाडीने तो गिळला आणि ढेकरही दिला नाही. वळण आलं, चष्मेवाल्यांनी स्टिअरिंग नुसतं मनात वळवलं आणि गाडी वळली! ते एकटेच ओरडत होते, हसत होते, शेजारच्या पोत्याला "बघितलंत का आई!" म्हणत होते. परत आल्यावर त्यांनी गॅरेजवाल्याला चक्क मिठी मारली. त्या रात्री झोपेतसुद्धा त्यांचा उजवा पाय हलत होता.

रविवार उजाडला. सासूबाई पुढे बसल्या, मांडीवर त्यांची काळी पर्स. बायको मागे, चष्मेवाल्यांच्या पाठीमागे, गुडघे कानाला. गाडी निघाली. सरळ रस्त्यावर सगळं झकास चाललं होतं.

"बरी चालतेय हो!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, थांबा, अजून डोंगर यायचाय!"

डोंगर आला. पहिलं वळण उजवीकडे. चष्मेवाल्यांनी जोरात वळवली, आणि—

खर्रर्रर्र!

"काय झालं?" बायको.

"काही नाही! खडी!"

दुसरं उजवं वळण. खर्रर्रर्र! तिसरं. खर्रर्रर्र-धप्प! सासूबाईंचं डोकं छताला भेटून आलं.

"या खडीला आपलं फारच प्रेम आलंय," मागून आवाज आला.

चष्मेवाल्यांनी गाडी बाजूला घेतली. घाम फुटला होता, पण माणूस डगमगला नाही. बॉनेट उघडलं, डाव्या शॉकअपचं बटण तीन क्लिक कडक केलं, एक वळण घेतलं आणि सवयीने विचारलं, "आई, हे बरं की मघाचं?"

"मघाचं."

पुन्हा थांबले. पाच क्लिक मऊ. "हे बरं की मघाचं?"

"त्याच्या मघाचं."

पुन्हा थांबले. आता बटण कुठे होतं आणि कुठे गेलं, वहीत काय लिहिलं आणि काय खोडलं, याचा पत्ता राहिला नव्हता. गॅरेजवाल्याचा पहिला नियम केव्हाच दरीत पडला होता! गाडी कधी उसळत होती, कधी डुलत होती, आणि दर उजव्या वळणाला डावं चाक मडगार्डाला घासत होतं. मागच्या सीटवर बायको मोबाइलवर काहीतरी लिहीत होती.

"काय लिहितेयस गं?"

"जाहिरात. 'जपून हाताळलेली' लिहू की 'फारच हाताळलेली'?"

लाल गाडी! आपली लाल गाडी! सोमवारी कोणीतरी परका माणूस येऊन तिच्यात बसणार! त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला, आणि हात तेलकट म्हणून स्पीकरवर लावला. इथेच चुकलं.

"फक्त डावीकडेच घासतंय?" गॅरेजवाला विचारात पडला. "साहेब, मग शॉकअप नाही हो. वजनच चुकलंय! सीटवर छप्पन्न नाहीत. चांगले सत्तरच्या वर असणार! कोण बसलंय तिथे?"

चष्मेवाल्यांनी फोनकडे पाहिलं, सासूबाईंनी खिडकीबाहेर, बायकोने दोघांकडे.

"वजन अगदी बरोबर आहे!" चष्मेवाले फोनवर ओरडले. "चूक माझीच! मी… मी सामान धरलं नव्हतं! पर्स! आईंची पर्स!"

"पर्स?" गॅरेजवाला म्हणाला. "पर्स किती किलोची आहे?"

चष्मेवाल्यांनी घाबरत घाबरत डावीकडे पाहिलं. सासूबाई अजून खिडकीबाहेरच पाहत होत्या. त्यांनी मांडीवरची पर्स जरा उचलल्यासारखी केली.

"अठरा किलो," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोनशे ग्रॅम."

"लिहून घेतो!" गॅरेजवाला म्हणाला. "डावी रिंग चार वेढे वर घ्या. बटणं परत बारावर. आणि साहेब, माउलींना सांगा, पर्समध्ये ऐरण घेऊन फिरू नका!"

जॅक लावला, चाक काढलं, रिंग चार वेढे वर गेली. मग बटणं मोजून बारावर. चष्मेवाल्यांनी गाडी चालू केली आणि देवाचं नाव घेतलं.

उजवं वळण. आवाज नाही!

दुसरं. लोणी!

तिसऱ्याला चष्मेवाल्यांनी पाय दाबला आणि गाडी त्या वळणातून अशी निघाली की विचारू नका! सासूबाईंनी एका हाताने पर्स आणि दुसऱ्याने दाराचं हँडल धरलं होतं, आणि त्या हसत होत्या! "अजून जोरात! त्या ट्रकच्या पुढे काढा हो जावईबापू! अहो, काढा की!" चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. आपल्यासारखंच वेड आपल्या सासूबाईंना असेल, हे त्यांना लग्नानंतर चौदा वर्षांनी कळत होतं. तलाव केव्हा आला कळलंच नाही. सासूबाई उतरल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पास!"

"तुझा निकाल झाला," बायको म्हणाली. "पण गाडी आमच्या घरी राहणार ना? परतताना मी पुढे बसून बघते."

सासूबाई नाखुशीने मागे, चष्मेवाल्यांच्या पाठीमागे बसल्या. बायको पुढे. उतार सुरू झाला. पहिलं डावं वळण, आणि—

खर्रर्रर्र!

या वेळी मागून, उजवीकडून! गाडी त्या अंगाला अशी कलली होती की बायकोला दाराचं हँडल सोडवेना.

"थांबवा! आधी थांबवा!" गाडी थांबली. "आई बसली की लोणी, आणि मी बसले की खरखर? असं का? मला नीट सांगा."

उत्तर चष्मेवाल्यांच्या जिभेवर होतं. एक वाक्य, आणि गाडी वाचली असती. त्यांनी तोंड उघडलं, आणि आरशात त्यांना सासूबाई दिसल्या. पर्स छातीशी घट्ट धरून, डोळे मिटून बसलेल्या. चष्मेवाल्यांनी तोंड मिटलं. वाईट वाटलं, रडूच यायचं बाकी होतं. पण ते म्हणाले, "गाडीतच दोष आहे गं. माझंच चुकलं."

"मग सोमवारी जाहिरात."

"सोमवारी जाहिरात."

"चौऱ्याहत्तर!" मागून आवाज आला.

"काय चौऱ्याहत्तर, आई?"

"माझं वजन! चौऱ्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम! या पर्समध्ये एक रुमाल आहे आणि एक कंगवा! जावईबापूंनी गाडी माझ्या वजनावर बांधली, म्हणून तू बसलीस की ती कलते! घे! विकायची नाही गाडी!"

बायको मागे वळून आईकडे बघतच राहिली. "तीस वर्षं तू काट्यापाशी बसलीस, आणि…"

"काट्यापाशी बसले," सासूबाई म्हणाल्या. "काट्यावर नाही!"

दोघींनी जागा बदलल्या. पुढच्या वळणावर गाडी पुन्हा लोणी झाली. बायकोने मागे गुडघे कानाला लावले, मोबाइलवरची जाहिरात पुसली आणि म्हणाली, "ठेवा बाबा गाडी."

"आई, तुमचे उपकार कसे फेडू!" चष्मेवाले म्हणाले. "आता पुढच्या रविवारी रिंगा थोड्या खाली घेतो. तुम्हा दोघींनाही चालेल असं मधलं काहीतरी…"

"खबरदार!" सासूबाई गरजल्या. "माझं खरं वजन चारचौघांत बाहेर काढून बसवलेली गाडी आहे ही! हिला कोणी हात लावायचा नाही! मी बुधवारचं परतीचं तिकीट रद्द करतेय."

तर मंडळी, गाडी राहिली. सासूबाईही राहिल्या. दर रविवारी डोंगर, दर वळणाला "अजून जोरात!", आनंदीआनंद! फक्त एकटं बसलं की ती उजवीकडे कलते आणि घासते, आणि सासूबाई सकाळी दहाच्या आत उठत नाहीत. त्यामुळे चष्मेवाले हल्ली दुकानात बसने जातात.